सुट्टीच्या दिवशी रेडिओने काय वाजवावं?

१९३०च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये रविवारी सकाळी कुणी रेडिओ लावला, तर एखादी प्रार्थना कानावर पडायची आणि त्यानंतर दुपारी साडेबारापर्यंत काहीच नाही. लोकांनी चर्चमध्ये जावं, घरात रेडिओला कान लावून बसू नये, म्हणून बीबीसी तेवढा वेळ गप्प राहत असे. दुपारी बोलायला लागली तरी तिचा रविवारचा सूर निराळा असे. अभिजात संगीत, गंभीर व्याख्यानं, संध्याकाळी पुन्हा उपासना. १९२८पासून काही वर्षं जर्मन संगीतकार बाखच्या धार्मिक रचना रविवारी ओळीने ऐकवल्या गेल्या. नाचाचे बँड, नकला, विनोदी प्रवेश, उडती गाणी यांना त्या दिवशी मज्जाव होता.

घराबाहेर तरी काय होतं? रविवारी पैसे घेऊन करमणूक करायला मनाई करणारा १७८०चा कायदा अजून लागू होता. नाटकघरं बंद. लीगचे फुटबॉल सामने शनिवारी. सिनेमागृहं रविवारी उघडायची की नाहीत हे स्थानिक मतावर ठरवायची मुभा १९३२च्या कायद्याने मिळाली, म्हणजे अनेक गावांत ती बंदच राहिली. खाणीत, गिरणीत, दुकानात शनिवार दुपारपर्यंत राबणाऱ्या माणसाला आठवड्यात एकच पूर्ण दिवस मोकळा मिळे. आणि ज्या रेडिओसाठी त्याने वर्षाचे दहा शिलिंग भरले होते, तो नेमका त्याच दिवशी त्याला सांगे की आज हसायचं नाही.

हे ठरवणारा माणूस जॉन रीथ. ग्लासगोतल्या एका प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकाचा हा मुलगा. शिक्षणाने इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर गोळी झेललेला, उंचापुरा, करारी. डिसेंबर १९२२मध्ये तो ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचा व्यवस्थापक झाला तेव्हा त्याचं वय तेहतीस होतं आणि प्रसारणाचा अनुभव शून्य होता. अर्थात तो तेव्हा कुणालाच नव्हता. १९२७मध्ये कंपनीचं सनदी महामंडळ झालं, तेही मुख्यतः त्याच्याच चिकाटीमुळे. लोकांना जे हवं ते न देता त्यांना जे गरजेचं आहे असं आपल्याला वाटतं ते आपण देतो, हा आक्षेप त्याच्या कानावर यायचा. १९२४मध्ये त्याने त्याला छापील उत्तर दिलं. आपल्याला काय हवं हे फार थोड्यांना कळतं आणि काय गरजेचं आहे हे तर त्याहूनही थोड्यांना, असा त्याचा आशय.

रीथसाहेबांची चेष्टा करणं आज फार सोपं आहे, म्हणून ती मी करणार नाही. जाहिरातदारांच्या हाती न जाणारा, सरकारच्या खिशात पूर्णपणे न बसणारा, देशभर एकाच दर्जाचा रेडिओ ही कल्पना त्याने प्रत्यक्षात आणली, आणि जगभरच्या सार्वजनिक प्रसारणाने, आपल्या आकाशवाणीनेही, तिच्यातूनच बरंच उचललं. त्याच्या रविवारच्या धोरणामागेही विचार होता. आठवड्यातला एक दिवस तरी गडबडीपासून मोकळा राहावा, ही राष्ट्राची ठेव आहे असं त्याला मनापासून वाटे. ६ जानेवारी १९२४ला लंडनच्या ट्राफल्गार चौकातल्या सेंट मार्टिन चर्चमधून तिथले धर्मोपदेशक डिक शेपर्ड यांची उपासना पहिल्यांदा प्रक्षेपित झाली. आजारी, म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं त्यानंतर वर्षानुवर्षं अशा प्रक्षेपणांवर जगली म्हटलं तरी चालेल. त्यांच्यासाठी तो रविवार सुनासुना नव्हता.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. सुट्टीच्या दिवशीची करमणूक हे सार्वजनिक प्रसारणाचं दुय्यम काम नव्हे. ते त्याचं पहिल्या रांगेतलं काम आहे आणि तिथेच त्याने आपले सर्वांत चांगले लेखक, गायक आणि पैसा लावला पाहिजे. ते केलं नाही तर सुट्टी रिकामी राहत नाही. काहीतरी विकायचं असलेला माणूस येऊन ती भरतो. ब्रिटनमध्ये हे घडलं, वीस वर्षांनी भारतात घडलं, आणि आज आपल्या खिशातल्या फोनवर रोज घडतं आहे.

बीबीसीला करमणूक जमत नव्हती म्हणून तिने रविवार कोरडा ठेवला, असंही नाही. तिचा शनिवार ऐकायला हवा होता. लंडनच्या सव्हॉय हॉटेलातून तिथल्या बँडचं नाचाचं संगीत १९२३पासून लोकांच्या घरात पोचत होतं. ज्यांनी त्या हॉटेलची पायरी कधी चढली नसती, ते स्वयंपाकघरातलं टेबल बाजूला सरकवून त्यावर नाचत. १५ जानेवारी १९२७ला ट्विकनहॅमवरून इंग्लंड विरुद्ध वेल्स रग्बी सामन्याचं समालोचन झालं, आणि पुढच्याच शनिवारी, २२ जानेवारीला, हायबरीवरून आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड या फुटबॉल सामन्याचं. टेडी वेकलॅम बोलत होता. त्याच्या शेजारी बसलेला दुसरा माणूस मधूनमधून आकडे पुकारत होता, कारण ‘रेडिओ टाइम्स’ने मैदानाचे चौकोन पाडून नकाशा छापला होता. ऐकणारा नकाशावर बोट ठेवून चेंडू कुठे आहे ते पाहत असे. डोळ्यांचा खेळ कानांना कसा द्यायचा, याचा शोध चालू होता आणि त्यात श्रोत्याला कामाला लावलं होतं. सामना १-१ बरोबरीत सुटला.

नोव्हेंबर १९३३पासून शनिवारी संध्याकाळी ‘इन टाउन टुनाइट’ सुरू झालं. लंडनच्या रस्त्यावरचा गजबजाट, फुलं विकणारीची हाक, मग एका आवाजाने सगळी रहदारी थांबवायची आणि त्या आठवड्यात शहरात आलेल्या कुणाशी तरी गप्पा. पाहुणा सिनेतारका असेल नाहीतर चमत्कारिक धंद्यातला एखादा सामान्य माणूस. त्या कार्यक्रमाने एरिक कोट्सची ‘नाइट्सब्रिज’ धून घरोघर पोचवली, ती इतकी की लोक बीबीसीला संगीतकाराचं नाव विचारणारी पत्रं लिहू लागले. शनिवारीच ‘म्युझिक हॉल’ लागे आणि त्यात रंगमंचावरचे नकलाकार, गायक, जादूगारसुद्धा येत. (रेडिओवर जादूगार काय करत असेल, हा प्रश्न मलाही पडला आहे.) या सगळ्याला नाटकघरांच्या मालकांचा विरोध होता. फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी आपल्या कलाकारांना रेडिओवर जाऊच दिलं नाही. बीबीसी त्या विरोधाला पुरून उरली. म्हणजे कौशल्य होतं, कलाकार होते, चिकाटीही होती. मध्यरात्रीचे ठोके पडले की मात्र हे सगळं कुलपात जाई.

त्या कुलपाची किल्ली सापडली कॅप्टन लेनर्ड प्लग या उद्योगी माणसाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर फेकाँ नावाच्या गावात एका मद्य-उद्योजकाच्या घराण्यातल्या हौशी माणसाने छोटं केंद्र चालवलं होतं. प्लगने १९३१मध्ये त्याच्यावरून इंग्रजी कार्यक्रम सुरू केले. हेच रेडिओ नॉर्मंडी. १९३३मध्ये रेडिओ लक्झेंबर्ग आलं. युरोपातल्या सर्वांत ताकदवान केंद्रांपैकी एक, आणि तेही दीर्घलहरींवर, जी लहरलांबी त्याला कुणी रीतसर दिलेलीच नव्हती. इंग्लंडभर ते स्वच्छ ऐकू येई. त्याचा सर्वांत मोठा दिवस होता रविवार.

रविवारी दुपारी चारला हॉर्लिक्सचा चहाचा कार्यक्रम, साडेपाचला ओव्हल्टाइनचा मुलांचा. त्या मुलांचा एक संघच होता. बिल्ला मिळे, गुप्त खुणा मिळत, शपथ असे, आणि ओव्हल्टाइन पिण्याचं कर्तव्यही अर्थातच असे. साबण, दंतमंजन, रेचक, फुटबॉलच्या निकालावर पैजा लावणाऱ्या कंपन्या, सगळ्यांनी आपापले तास घेतले. ज्या घरात बाप रविवारी वर्तमानपत्र वाचतानाही जरा चोरटेपणाने वाची, तिथेही संध्याकाळी मुलांचा ओव्हल्टाइनवाला संघ ऐकला जाऊ लागला असणार. बीबीसीच्या उपासनेपेक्षा तो नक्कीच जास्त गोड होता.

या कथेतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. लक्झेंबर्गचे कार्यक्रम लक्झेंबर्गमध्ये बनत नव्हते. ब्रिटिश टपाल खातं जोडणारी तार द्यायला तयार नव्हतं. म्हणून कार्यक्रम लंडनमध्येच ध्वनिमुद्रित व्हायचे, तबकड्यांवर किंवा फिल्मवर, आणि मग समुद्रापलीकडे पाठवले जायचे. जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीचा स्टुडिओ बुश हाउसमध्ये होता, म्हणजे पुढे बीबीसीच्या परदेशी सेवांचं घर झालेल्या आणि आपल्याकडच्या हिंदी श्रोत्यांना नावाने माहीत असलेल्या त्याच इमारतीत. गाणारे ब्रिटिश, लिहिणारे ब्रिटिश, ऐकणारे ब्रिटिश, विकला जाणारा माल ब्रिटिश. परदेशी होता तो फक्त प्रक्षेपणाचा मनोरा. रविवारची जी करमणूक बीबीसीने करू दिली नाही, ती करायला तिच्याच शहरातले लोक मनोरा शोधत परदेशी गेले.

वर्तमानपत्रांनी लक्झेंबर्गच्या कार्यक्रमांची वेळापत्रकं छापायचं नाकारलं. ‘संडे रेफरी’ या पत्राने ती छापली म्हणून त्याला मालकांच्या संघटनेतून बाहेर काढलं. त्यात रविवारच्या पावित्र्याची काळजी किती आणि जाहिरातींच्या उत्पन्नाची किती, याचा हिशेब वाचकाने आपला आपण करावा.

इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. बाजाराने लोकांचं ऐकलं, सार्वजनिक संस्थेने ऐकलं नाही, म्हणून बाजार जिंकला. मला तो निष्कर्ष अर्धाच पटतो. लक्झेंबर्गला लोकांची आवड शोधायची नव्हती. कोको विकायला पुरेसे लोक जमतील एवढंच त्याला पाहायचं होतं. ज्या श्रोत्याला त्या कोकोची गरज नव्हती, त्याच्यासाठी तिथे कुणी काही बनवत नव्हतं. आणि बीबीसीचं काय? पहिली जवळपास चौदा वर्षं आपलं कोण ऐकतं, काय ऐकतं, केव्हा बंद करतं, हे पद्धतशीर मोजायची तिला गरजच वाटली नाही. रॉबर्ट सिल्व्ही यांना श्रोत्यांच्या अभ्यासासाठी नेमलं ते १९३६च्या शेवटी. तोवर श्रोत्याला काय हवं आहे याबद्दल दोन्ही बाजू ठामपणे बोलत होत्या, एक धर्मपीठावरून आणि दुसरी गल्ल्यावरून.

अमेरिकेतला वीकएंड पूर्णपणे गल्ल्यावर चालत होता. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये डब्ल्यूएसएम हे केंद्र एका विमा कंपनीचं. १९२५पासून शनिवारी रात्री त्यावर डोंगराळ भागातले फिडल आणि बँजो वाजवणारे जमू लागले, आणि १९२७मध्ये त्या कार्यक्रमाचं नाव ‘ग्रँड ओल ऑप्री’ पडलं. तो आजही चालू आहे. विमा कंपनीचे विक्रेते शेतकऱ्याच्या दारात गेले की त्या कार्यक्रमाची ओळख सांगत. रविवारी संध्याकाळी सात वाजता विनोदवीर जॅक बेनी जेली विकत देश हसवी. तिथे लोकसंगीताला जेवढा सन्मान मिळाला तेवढा त्या काळच्या लंडनच्या रेडिओने दिला नसता. पण गंमत पुढेच आहे. १९३७च्या नाताळात एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीने शनिवारी रात्री नामवंत वाद्यवृंदसंचालक टोस्कानिनीच्या हाताखाली स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद उभा केला, प्रायोजकाशिवाय. खासगी कंपनीला प्रतिष्ठा हवी होती आणि सरकारी नियंत्रणाची धास्तीही होती. म्हणजे धंदेवाईक रेडिओने शनिवारी रात्री बीथोवन ऐकवला, आणि सार्वजनिक रेडिओ रविवारी नाचाचा बँड वाजवायला घाबरला. उंच ते सार्वजनिक आणि उथळ ते खासगी, हे समीकरण तेव्हाही खरं नव्हतं.

रीथच्या रविवाराच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि मराठी माणसाला ते परकं वाटायला हवं. उपासना आणि करमणूक या दोन गोष्टी एका दिवसात नांदू शकत नाहीत, हे ते गृहीतक. आपल्याकडे रविवार हा खंडोबाचा वार. खंडोबाचं जागरण म्हणजे वाघ्या-मुरळीची गाणी, दिमडी, घोळ, सवालजबाब, रात्रभर. कीर्तनकार पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावून लोकांना पोट धरून हसवतो. हसवता न येणाऱ्या बुवाला पुढच्या वर्षी त्या गावातून बोलावणं येत नाही. एकनाथांची भारुडं तर सोंगं घेऊन वेदान्त सांगतात. देवाच्या दारात हसणं हे पाप आहे असं आपल्या परंपरेने मानलं नाही. (सोवळ्यातल्यांनी अधूनमधून मानलं, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.)

शिवाय रविवारची सुट्टी ही आपल्याकडे वरून उतरलेली गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली झगडून मिळाली. मागणी १८८४पासूनची आणि मालकांनी मान्य केलं १० जून १८९० रोजी. खंडोबाचा वार म्हणून रविवारच हवा, असाही युक्तिवाद त्यात होता असं सांगतात. जी सुट्टी लोकांनी लढून घेतली, तिच्यात त्यांनी काय करावं हे शिकवायला जाणाऱ्याने निदान दार वाजवून आत यावं.

पण हे शिकवणं आपल्याकडेही आलं, आणि तेही एका मराठी माणसाच्या हातून. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्म पुण्याचा, १९५२ ते १९६२ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री. त्यांचं श्रेय आधी सांगतो. संस्थानं विलीन झाल्यावर दरबारी आश्रय गेलेल्या गवय्यांना आणि वादकांना आकाशवाणीने हात दिला, त्यात केसकरांचा वाटा मोठा आहे. दर शनिवारी रात्री साडेनऊला शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२मध्ये सुरू झाला आणि ज्यांच्या गावात कधी मैफल झाली नसती अशा घरांत मोठेमोठे कलावंत पोचले. शनिवारची रात्र यासाठी देणं हे मला आजही धाडसाचं आणि योग्य वाटतं.

चूक दुसऱ्या टोकाला होती. चित्रपट संगीत हे केसकरांना समाजाची अभिरुची बिघडवणारं वाटे. त्यांनी त्याचा वेळ कापला आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद केलं. चित्रपट निर्मात्यांनी गाणी वाजवायच्या परवानग्या काढून घेतल्या. मग जे व्हायचं ते झालं. रेडिओचा काटा कोलंबोकडे वळला. रेडिओ सिलोनची हिंदी सेवा देशभर लघुलहरींवर ऐकू येत होती आणि १९५२च्या शेवटी अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ती बुधवारी लागे, रविवारी नव्हे, एवढा फरक मी कबूल करतो. दंतमंजनाचा प्रायोजक मात्र लंडनच्या रविवाराची आठवण करून देणारा.

आणि पुन्हा तेच. सिलोनचे हे कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. निवेदक मुंबईचे, गाणी मुंबईची, जाहिरातदार मुंबईचे. फक्त मनोरा परदेशी. एकाच चुकीची इतकी हुबेहूब नक्कल इतिहासात क्वचित सापडते. केसकरांना लक्झेंबर्गची गोष्ट ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. युरोपात शिकलेला, वाचणारा माणूस होता तो. पण आपला समाज वेगळा आहे, आपले लोक शेवटी ऐकतील, असं प्रत्येक सुधारकाला वाटतं. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिरातीही आल्या. म्हणजे जे आधी नाकारलं, ते आधी गाण्यांसह आणि दहा वर्षांनी जाहिरातींसह घरात घ्यावं लागलं.

पण याच केसकरांच्या कारकिर्दीत, याच आकाशवाणीच्या एका नव्या, लहानशा केंद्राने रीथ आणि लक्झेंबर्ग दोघांनाही उत्तर दिलं. पुणे केंद्र १९५३मध्ये सुरू झालं होतं. तिथे सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून ‘गीतरामायण’ उभं राहिलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. गदिमांनी आठवड्याला एक गीत लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आणि ते शुक्रवार, शनिवार, रविवार सकाळी पावणेनऊला ऐकवायचं. बेत बावन्न गीतांचा होता. त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतं छप्पन्न झाली. गाण्याचे शब्द वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. कार्यक्रमाच्या वेळी रेडिओला हार घालून उदबत्ती लावणाऱ्या घरांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात.

आता हे नीट पाहू. विषय धार्मिक, सुट्टीची सकाळ, सार्वजनिक केंद्र, जाहिरात नाही. कागदावर हा रीथचाच रविवार आहे. फरक कुठे पडला? फडक्यांनी रामकथा रागदारीत बांधली, पण आकार ठेवला भावगीताचा, म्हणजे लोक आधीच गुणगुणत होते त्या प्रकाराचा. गदिमा आणि फडके दोघेही चित्रपटातले, केसकरांना ज्या दुनियेचं वावडं होतं तिथलेच. श्रोत्याला वर उचलायचं तर आधी तो उभा आहे तिथे जावं लागतं, हे त्यांना चित्रपटाने शिकवलं होतं. आणि दर आठवड्याला पुढचं काय ही उत्सुकता लोकांना धरून ठेवत होती, जरी पुढचं काय हे प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं.

म्हणून हलकं की गंभीर, लोकांना हवं ते की गरजेचं ते, हा वाद मला मुळातच चुकीच्या जागी घातलेला वाटतो. प्रश्न एवढाच आहे की सुट्टीच्या तासांवर संस्थेने आपला सर्वांत हुशार माणूस बसवला आहे की नाही. रीथने रविवारी सर्वांत पवित्र माणूस बसवला. लक्झेंबर्गने सर्वांत चांगला विक्रेता बसवला. पुण्याने कवी आणि संगीतकार बसवले, आणि वर्षभर त्यांच्या डोक्यावर कुणी नैतिक निरीक्षक ठेवला नाही.

ब्रिटनचा रविवार शेवटी सुटला तो लक्झेंबर्गच्या धाकाने नव्हे, हे विशेष. त्या धाकाने १९३८च्या सुमारास थोडी ढील मिळाली होती. पण सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच लक्झेंबर्गचे इंग्रजी कार्यक्रम बंद पडले, नॉर्मंडीही थांबलं, आणि पुढे लक्झेंबर्गचा तो मनोरा जर्मन प्रचाराच्या कामी आला. स्पर्धक संपला होता. आता तर बीबीसीला जुना रविवार खुशाल चालू ठेवता आला असता. पण फ्रान्समध्ये थंडीत, बराकीत, शत्रूची वाट पाहत बसलेले सैनिक होते. तिथे रेडिओ एक आणि ऐकणारे पन्नास. कुणी पत्ते खेळतंय, कुणी पत्र लिहितंय, कुणी बूट पुसतंय. अशा खोलीत बाखची रचना शांतपणे ऐकणं शक्यच नव्हतं. ७ जानेवारी १९४०ला सैनिकांसाठी हलकाफुलका कार्यक्रम सुरू झाला. तो दिवस रविवार होता. कुणी तरी पहिल्यांदा ऐकणारा कुठे, कसा, कुणाबरोबर बसला आहे याची चौकशी केली आणि जवळपास सतरा वर्षांचं धोरण काही महिन्यांत निकालात निघालं. घरोघरच्या नागरिकांनीही तोच कार्यक्रम लावायला सुरुवात केली. सैन्याने रविवारी हसावं आणि कारखान्यातल्या बाईने हसू नये, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

युद्धानंतर तो बंद करता आला नाही. २९ जुलै १९४५ला ‘लाइट प्रोग्राम’ म्हणून तो कायमचा झाला. जर्मनीत राहिलेले सैनिक आणि त्यांच्या घरच्यांची फर्माइशीची गाणी रविवारी दुपारी लागू लागली आणि १९४९पासून त्यांच्या मागोमाग बिली कॉटनचा आरोळ्या ठोकणारा बँड. जी दुपार पूर्वी चर्चच्या नावाने राखलेली होती, ती ब्रिटिश रेडिओवरची सर्वांत दणदणीत दुपार झाली. स्वयंपाकघरातल्या बाईलाही यात काही मिळालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिला रविवारी सुट्टी कधीच नव्हती, उलट त्या दिवशी भट्टीपाशी जास्तच काम. रीथचा शांत, चिंतनशील रविवार ज्याने कुणी कल्पिला, त्याचं जेवण दुसरं कुणी तरी शिजवत होतं.

आज आकाशवाणीची मराठी केंद्रं प्रसारभारतीच्या छत्राखाली आहेत, खासगी एफएमवर गाण्यांची तीच ती पिंजण आहे, आणि रविवार खरा भरतो तो फोनवर. तिथे पुढचा व्हिडिओ कोणता हे ठरवणाऱ्याला आपण किती वेळ थांबतो एवढंच कळतं, कारण विकायचा आहे तो आपला वेळ. लक्झेंबर्गच्या कोकोवाल्यालाही इतकी बारीक मोजदाद करता आली नव्हती. यावर लोकांच्या अभिरुचीला नावं ठेवणारे बरेच आहेत. त्यांना माझं एक मागणं आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, रत्नागिरी, पणजी इथल्या केंद्रांचं रविवार सकाळी आठ ते दुपारी एकचं वेळापत्रक काढा. त्यात या वर्षी, या रविवारसाठी, मुद्दाम लिहिलेलं, मुद्दाम चाल लावलेलं, मुद्दाम बसवलेलं किती आहे आणि पेटीतून काढून पुन्हा लावलेलं किती, ते मोजा. संग्रह अमूल्य आहे, वाद नाही. पण १९५५मध्येही पुणे केंद्राकडे जुन्या तबकड्या होत्याच.

पैसा नाही, हे उत्तर येईल. छप्पन्न आठवडे एक कवी, एक संगीतकार, काही गायक आणि थोडे वादक, एवढाच तो जमाखर्च होता. आज कीर्तनाचा, भारुडाचा, विनोदी श्रुतिकेचा, स्टँडअप करणाऱ्या तरुण मुलामुलींचा, झाडीपट्टीच्या दंडारीचा, मालवणी दशावताराचा एक वर्षाचा रविवार उभा करायला त्याहून फार वेगळं काही लागत नाही. लागतो तो असा केंद्रप्रमुख, जो आपला सर्वांत चांगला लेखक सोमवारच्या परिसंवादाला न देता रविवारच्या सकाळी देईल, आणि त्याच्यावर असा वरिष्ठ, जो त्याला तसं करू देईल.